परमिट कोणाच्या नावावर

पांढुर्ण्यात आमच्या घरची लाइट गेली, तर कुणी चुकचुकत नसे, कारण बहुतेक वेळा ती बाबांनीच घालवलेली असायची. बाबा वीज कंपनीत लाइनमन होते आणि आमची गल्ली त्यांच्याच लाइनवर होती. कुठं तार तुटली, कुठं खांबावर ठिणग्या उडाल्या, की बाबा आधी लाइन बंद करायचे आणि मग चढायचे. इकडे घरातला पंखा थांबायचा. पंखा थांबला म्हणजे बाबा वर आहेत, पंखा फिरला म्हणजे बाबा खाली आले. आई हातातली भाजी सोडायची नाही, निवडतच राहायची, पण डोळे वर लागलेले. पाती हलली की म्हणायची, "उतरले." बस, एवढंच. मग उठून चहाचं आधण ठेवायची, जणू ते आता दारातच उभे राहणार आहेत. यायचे तासाभरानं. तोवर चहा दोनदा गरम व्हायचा.

आता मीही वीज कंपनीतच आहे, घरापासून लांब, मोठ्या ऑफिसात. खांबावर नाही, कागदावर. विजेचे दर किंवा नियम बदलायचे असले की कंपनीला आयोगापुढे याचिका करावी लागते. आयोग म्हणजे विजेपुरतं कोर्टच समजा. याचिकेची जाहिरात पेपरात येते, लोक आक्षेप पाठवतात, कंपनी एकेका आक्षेपाला लेखी उत्तर देते, मग सुनावणी होते आणि आयोग निकाल देतो. हे सगळं लिहिणारी माणसं ज्या खोलीत बसतात त्या खोलीत माझं टेबल आहे. खोलीला खिडकी आहे, पण ती शेजारच्या ऑफिसच्या कूलरवर उघडते.

तिथं मला सगळे 'मराठीवाली मॅडम' म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, पण हसूही येत नाही. एमपीतल्या आम्हा सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी लोकांचं असंच आहे. भोपाळकडचे म्हणतात तुम्ही नागपूरवाले, नागपूरवाले म्हणतात तुम्ही एमपीवाले. दिवसभर हिंदीत बोलून संध्याकाळी खोलीवर आले की कुणीतरी 'काय करून राहिली वं?' असं विचारावं म्हणून जीव नुसता तळमळायचा. रविवारी बाबांचा फोन यायचा आणि त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. मी काहीही करत असले तरी उत्तर द्यायचे, "काही नाही बाबा, बसून राहिली."

बाबांचं कामाचं एक शास्त्र होतं. आईच्या माहेरी, मोहगावात, त्याची थट्टा व्हायची, पण ते बाबांनी कधी मोडलं नाही. खांबावर चढायच्या आधी उपकेंद्राला फोन करून स्वतःच्या नावानं परमिट घ्यायचं. तिथला ऑपरेटर लाइन बंद करून वहीत त्यांचं नाव लिहायचा. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. दुसऱ्यानं नाही. 'झालं असेल त्याचं, कर चालू' असं खुद्द मोठ्या साहेबानं सांगितलं तरी ऑपरेटरनं बटणाला हात लावायचा नाही. आणि एवढ्यावरही बाबांचा भरवसा नव्हता. ते ट्रान्सफॉर्मरचा चिनीमातीचा फ्यूज उपसून शर्टाच्या डाव्या खिशात टाकायचे. त्या वजनानं त्यांच्या सगळ्या शर्टांचे डावे खिसे ओघळलेले असायचे. आई कुरकुरली की म्हणायचे, "खिसा फाटला तर शिवता येते. मानूस नाही शिवता येत."

खाली उतरल्यावर ऑपरेटरला सांगायचं वाक्यही ठरलेलं होतं. "मानूस खाली, सामान खाली, परमिट वापस." मी लहानपणी चिंचेवरून उतरताना हेच ओरडायचे.

जामसांवलीला हनुमानाच्या देवळात मोठी गर्दी असली की तिथली ड्यूटी बाबा मागून घ्यायचे. आम्ही बौद्ध. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "तुमाले कायले पायजे देवळाची ड्यूटी?" बाबा म्हणाले, "देवाचं मले मालूम नाही. गर्दी अन् उघडी तार, ह्या दोघाईचं मालूम हाय." काका पुढं बरीच वर्षं हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगत होते.

बाबा निवृत्त झाले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या वस्तीतल्या विहारावर सौर पॅनल बसवायचं ठरलं. विहारातच मागच्या बाजूला एक अभ्यासिका आहे. वस्तीतल्या मुली कॉलेज किंवा काम आटोपून संध्याकाळी तिथं येतात, परीक्षांचा अभ्यास करतात. घरी जागा नसते, शांतता त्याहून नसते. पण पंख्यांचं आणि ट्यूबलाइटचं बिल विहाराला झेपेना, म्हणून पॅनलचा विचार. सगळे हो म्हणाले. एकटे बाबा नाही म्हणाले.

"लाइन बंद करून लाइनमन चढला खांबावर," ते सभेत म्हणाले, "अन् तुमच्या छतावरून करंट उलटा आला तं? ऑपरेटरले परमिट मागता येते. सूर्याले कोन परमिट मागन?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. पॅनल बसवणारा माणूस सौंसरहून आला तेव्हा बाबांनी त्याला आधी चहा पाजला आणि मग त्याच्याकडून मेन स्विच बंद करून घेतला. बाहेरची लाइन गेल्याबरोबर छतावरचं यंत्रही आपोआप बंद पडलं. बाबांनी टेस्टर लावून पाहिला. मग पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी तो बिचारा म्हणाला, "काका, मले सौंसरची बस पकडाची हाय." तेव्हा कुठं बाबांची खात्री पटली.

एकदा पटली की मग विचारू नका. रोज सकाळी ओला कपडा घेऊन बाबा विहाराच्या छतावर. हिवाळ्यात जिनिंगमधला बारीक कापूस उडून काचांवर बसायचा, तो ते हळूच पुसायचे. आई म्हणायची, "माह्या घरातली खिडकी कदी पुसली नाही ह्या मानसानं." व्यवस्था साधी होती. दिवसा विहारात माणूस नसतो, तेव्हा छतावर तयार झालेली वीज लाइनमध्ये जायची. संध्याकाळी मुली आल्या की तेवढीच वीज लाइनमधून परत यायची. मीटर दोन्हींची वजाबाकी करायचं. बाबा याला उसनवारी म्हणायचे. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी आणि संध्याकाळी वाटीभर परत आणावी, तसं.

त्याच सुमारास आमच्या कंपनीनं हवामानासाठी वचन दिलं. कोळशाची वीज हळूहळू कमी करू, उन्हाची वाढवू, लोकांच्या छतांना सोबत घेऊ, असं बरंच काही. त्याची एक गुळगुळीत पुस्तिका निघाली. मुखपृष्ठाला एखादा 'खराखुरा' फोटो हवा, असं कुणीतरी आमच्या खोलीत येऊन म्हणालं, आणि मी उत्साहानं माझ्या मोबाइलमधला फोटो देऊन टाकला. विहाराचं छत, निळी पॅनल, आणि एका कडेला पाठमोरे, वाकून काच पुसणारे बाबा. खांद्यावर गमछा. पुस्तिका छापून आली, त्याच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की प्रत्येक छत आमचं भागीदार आहे.

मी दहा प्रती घरी पाठवल्या. बाबांनी त्या पांढुर्णाभर दाखवल्या. रेल्वे स्टेशनवर, दवाखान्यात, तिगावला लग्नाला गेले तर तिथंही. "पाठ माही हाय," असं म्हणून दाखवायचे. एका भल्या माणसानं विचारलं, "तोंड काऊन नाही?" तर म्हणाले, "कंपनीनं माह्यं तोंड कदी पायलंच नाही. नोकरीभर वरच होतो."

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला अजून लाज वाटते. ज्या आठवड्यात मी तो फोटो दिला, त्याच आठवड्यात, त्याच टेबलावर मी त्या वर्षीच्या याचिकेतला एक परिच्छेद लिहीत होते. छतावरून लाइनमध्ये येणारी वीज यापुढं कमी भावानं मोजावी, लाइनमधून परत घेतलेली पूर्ण भावानं मोजावी, आणि लाइन वापरल्याबद्दल अशा छतांकडून वेगळा आकार घ्यावा, असं त्यात होतं. बाबांच्या भाषेत सांगायचं तर वाटीभर साखर घ्यायची, अर्धी वाटी परत द्यायची, वर वाटी धुण्याचेही पैसे मागायचे.

मी लिहिला तो परिच्छेद. चांगला लिहिला. साहेबांनी एक शब्द बदलला नाही. आणि साहेबांचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. लाइन जागेवर ठेवायला माणसं लागतात, माझा बाप त्यातलाच एक होता. मोठमोठ्या दुकानांनी छतं भरून वीज बनवायची आणि लाइनचा भार पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांवर टाकायचा, हेही बरोबर नाही. पण मोठं दुकान आणि विहार यांच्यात त्या परिच्छेदानं काहीच फरक केला नव्हता, आणि तो करावा असं मला सुचलंही नव्हतं. एका हातात वचन, दुसऱ्या हातात याचिका, आणि माझं मलाच काही खटकलं नाही. डोक्यानं मी तेव्हा नुसती टायपिस्ट होते.

आक्षेप यायला लागले. साहेब एक पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आले. साहेब हिंदीवाले, निवृत्तीला आलेले, स्वभावानं भले. म्हणाले, "मॅडम, यह आपका है। मराठी में है।"

पाकिटावरचं अक्षर बाबांचं होतं. बाबा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात हे मी विसरले होते. वहीचा कागद, निळी शाई, प्रत्येक ओळीवर नीट रेघ. वर 'सविनय जय भीम' लिहिलं होतं. मग लिहिलं होतं की विहाराच्या छतावरून दिवसा जी वीज जाते तिच्या भरवशावर संध्याकाळी मुली अभ्यास करतात. याचिका मंजूर झाली तर अभ्यासिका संध्याकाळी बंद ठेवावी लागेल, कारण विहाराची ऐपत नाही. आणि शेवटी: 'कंपनीने पुस्तक छापून छताला भागीदार म्हटले आहे. आमच्या वेळी परमिट दिल्यावर, माणूस वर असताना, लाइन चालू करत नव्हते. ज्याने परमिट दिले त्याला माणूस वर आहे हे माहीत असायचे. इथे माहीत आहे का, हे कळवावे.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त लाइनमन'. माझा उल्लेख कुठेही नाही.

मी काय करायला हवं होतं ते आज मला स्पष्ट दिसतं. साहेबांना सांगायचं, हे माझे वडील आहेत, याचं उत्तर दुसऱ्या कुणी लिहावं, पण नीट लिहावं. मी तसं केलं नाही. बापानं कंपनीविरुद्ध लिहिलंय हे कळलं तर माझ्याकडे कसं बघतील, याचीच भीती वाटली. आमच्याकडे तयार उत्तरांची एक फाइल असते. त्यातलं एक मी उचललं: आक्षेपकर्त्याचे म्हणणे नोंदवून घेतले आहे, तथापि सदर मुद्दा प्रस्तुत याचिकेच्या कक्षेबाहेरचा आहे. हिंदीत टाइप केलं, साहेबांची सही घेतली, रजिस्टर पोस्टानं पांढुर्ण्याला पाठवलं. मनाला सांगितलं, घरी गेले की समजावून सांगेन.

त्या वर्षी आयोगानं तो मुद्दा बाजूला ठेवला. पुढच्या याचिकेत पूर्ण कारणं घेऊन या, म्हणाला. म्हणजे टांगती तलवार तशीच राहिली.

उन्हाळ्यात मी आठवडाभर घरी गेले. पहिल्या दिवशी बाबांनी कूलरमध्ये पाणी भरलं, माझ्यासाठी टरबूज आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना म्हणाले, "तुमच्या कंपनीचं उत्तर आलं. टायपिंग बेस हाय."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले.

"सई साहेबाची हाय," ते म्हणाले. "लिवलं तुनं."

"कशावरून?"

"मराठी कागद वाचनारं तिथं दुसरं कोन हाय?"

आईनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि विनाकारण वाढायला लागली. मला रडू आलं. मी म्हणाले, "बाबा, माह्यं चुकलं." बाबांनी ताटातली मिरची बाजूला केली, माझ्या ताटातलीही केली. मला तिखट सोसत नाही हे त्यांना भांडणातही आठवायचं.

"मी रागावलो नाही," ते म्हणाले. "तुही नोकरी हाय, मले समजते. मले इतकंच सांग, हे जे पुस्तक छापलं तुमी, भागीदार म्हनून, हे परमिट कोनाच्या नावावर हाय? एक तं नाव असन ना, सई करनाऱ्याचं?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

परत गेल्यावर शोधलं. पुस्तिकेच्या आत पहिल्या पानावर वरच्या मजल्यावरच्या एका मोठ्या अधिकारी बाईंची सही होती. याचिकेवर आमच्या साहेबांची. बाईंच्या विभागानं याचिका कधी पाहिली नव्हती, आमच्या विभागातल्या कुणी पुस्तिका मुखपृष्ठापलीकडे उघडली नव्हती. दोन्ही कागदांना हात लागलेली सगळ्या इमारतीत मी एकटीच होते.

मग मी एक तक्ता करायला घेतला. उभी रेघ मारून डावीकडे आपण लोकांना काय वचन दिलं आणि उजवीकडे आयोगाला काय मागितलं. छतांचं पहिलं लिहिलं. वाटलं होतं एवढंच निघेल. पण कोळशाच्या करारांचं निघालं, शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचं निघालं. काही ठिकाणी दोन्ही बाजू जुळत होत्या, तेही लिहिलं. बऱ्याच ठिकाणी डावी बाजू पूर्वेला आणि उजवी पश्चिमेला. कुणी लबाडी केली होती असं नाही. ह्या खोलीतल्या माणसाला त्या खोलीतला माणूस वर चढलाय हे ठाऊकच नव्हतं. तक्त्याच्या खाली मी लिहिलं की यापुढं प्रत्येक याचिका बाहेर पडण्याआधी, वचनावर ज्याची सही आहे त्यानं ती वाचावी आणि पहिल्या पानावर सही करावी.

लिहिलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

दर रविवारी बाबा विचारायचे, "सापडलं काय नाव?"

"सापडलं बाबा."

"मंग इचारलं काय त्याईले?"

"विचारते. मोका पाहून राहिली."

"पाह्य," ते म्हणायचे. "पन लाइन कोनासाठी थांबत नाही."

मोका कसला पाहत होते मी? साहेबांचा मूड, बढतीची यादी, अमक्याची बदली. महिने गेले. तक्ता खणात तसाच. थंडी पडली आणि एका सकाळी बाबा गेले. नोकरीभर ज्या मरणाची आम्हाला धास्ती होती, तसं काही नाही. घरी, खुर्चीत, पेपर वाचताना. आई चहा घेऊन आली तर पेपर मांडीवर होता. त्या दिवशी लाइटही गेली नव्हती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून मी परत आले, खण उघडला, तक्ता काढला आणि सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवला. नव्या याचिकेचा मसुदा तयारच होता, त्यात तो परिच्छेद जसाच्या तसा. साहेबांनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बेटा, वचन अलग चीज़ है, याचिका अलग," म्हणाले. मी म्हणाले, सर, हेच वाक्य खाली लिहून सही कराल का? जन्मात साहेबांशी असं बोलले नव्हते. साहेबांनी तक्ता उचलला. मग उठले आणि म्हणाले, "चलिए, ऊपर चलते हैं।"

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी परिच्छेद दोनदा वाचला. पुस्तिका त्यांच्या टेबलावरच होती. मुखपृष्ठावर बोट ठेवून त्यांनी हिंदीतच विचारलं की हे छत कुठलं.

"पांढुर्ण्याचं. विहाराचं."

"यालाही हे लागू होईल?"

"सगळ्यात आधी यालाच होईल," मी म्हणाले.

त्यांनी पुस्तिका जवळ ओढली. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "आणि हे कोण?"

वर्षभर जे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "माझे वडील. याच कंपनीत लाइनमन होते. मागच्या वर्षी त्यांनी आक्षेप पाठवला होता आणि त्याचं उत्तर मी लिहिलं. कक्षेबाहेरचा मुद्दा आहे, असं." साहेबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांना हे आत्ताच कळत होतं.

त्या वर्षीच्या याचिकेतून विहारं, देवळं, शाळा, अभ्यासिका असली सगळी छतं वगळली गेली. दुकानांचं राहिलं, ते मला पटतंही. कोळशाच्या कराराचं अजून भिजत घोंगडं आहे, त्याबद्दल मी फुशारकी मारणार नाही. पण वाचल्याच्या सहीशिवाय आता एकही याचिका इमारतीबाहेर जात नाही. त्या सहीच्या कागदाला ऑफिसात सगळे 'परमिट' म्हणतात. नाव कुठून आलं ते साहेबांना माहीत आहे. कागद वरच्या मजल्यावर अडला की ते उसासा टाकून म्हणतात, "आपके पिताजी ने हमारा काम बढ़ा दिया।" मला ते ऐकायला आवडतं. खरं सांगायचं तर त्यासाठी कधीकधी मीच कागद उशिरा पाठवते.

आक्षेप आले तेव्हा मी सगळा गठ्ठा स्वतः चाळला. मला ठाऊक होतं, तरी चाळला. मराठीतला एकही नव्हता.

आयोगाचा निकालही तसाच लागला आणि मी दोन दिवसांची सुट्टी घेऊन घरी गेले. आधी विहारात गेले. अभ्यासिकेत एक मुलगी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं पाठांतर करत होती, मला पाहून थांबली. जिन्याच्या खिळ्याला बाबांचा ओला कपडा असायचा, तो वाळून कडक झालेला. पॅनलवर धूळ होती. मी कपडा भिजवला आणि जमेल तेवढं पुसलं. मधलं पॅनल माझ्या हाताला पोचत नाही. बाबांना कसं पोचायचं कोण जाणे.

घरी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिला आयोग, याचिका यात रस नव्हता. म्हणाली, "मंग तुह्या बाबाच्या कागदाचं उत्तर?"

ते मी लिहून आणलं होतं. कंपनीच्या कागदावर नाही, वहीच्या कागदावर, मराठीत, प्रत्येक ओळीवर रेघ मारून.

"वाच," आई म्हणाली. तिनं शेंगा निवडायला घेतल्या.

मी वाचायला लागले. 'सविनय जय भीम. आपला आक्षेप मिळाला. आपले म्हणणे बरोबर आहे. माणूस वर आहे हे कंपनीला माहीत नव्हते, मला माहीत होते. उत्तर द्यायला उशीर झाला, तो माझ्यामुळे झाला.' एवढं वाचलं आणि पंखा मंद होत होत थांबला. लाइट गेली होती. बाहेर कुठंतरी काम निघालं असणार, चौकात शिडी लावलेली गाडी मी येतानाच पाहिली होती. उकडायला लागलं. पुढच्या दोन ओळी माझ्याच्यानं वाचवेनात. आईही वाच म्हणाली नाही. शेंगा निवडत होती आणि डोळे वर.

बराच वेळ आम्ही तशाच बसलो. मग पाती हलली, एक फेरा, दुसरा फेरा.

"उतरले," आई म्हणाली.

तिच्या तोंडून ते सवयीनं निघालं होतं. निघाल्यावर ती माझ्याकडे बघेना. उठली, आत गेली, चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मी कागद हातात धरून दाराकडे बघत बसले. तासभर तरी बसले असेन.